चमकीची फुंकर

पेणच्या पुंडलिकशेठच्या गणपती कारखान्यात वनिताच्या फुंकरीला तोड नव्हती. मुकुटाला डिंक लावायचा, तळहातावर चिमूटभर चमकी घ्यायची आणि हलकेच फुंकायची. चमकी अशी बसायची की मुकुट सोन्याचाच वाटावा. संध्याकाळी नदीकाठच्या कातकरवाडीवर ती परतायची तेव्हा केसांत, पापण्यांवर, पदरावर नुसता लखलखाट. अंघोळीआधी हाताला उरलेली चमकी ती रांगत्या करिश्माच्या कपाळाला लावायची. देवाच्या मुकुटाची चमकी, प्रसादच तो! सासू बायजाने तर नातीची दृष्ट काढणंच सोडून दिलं होतं. देवाचा हात कपाळावर असताना दृष्टीची काय बिशाद?

एके सकाळी लेकीचा लंगोट धुताना वनिताचे हात थांबले. घाणीत सोनेरी-गुलाबी ठिपके उन्हात चमचमत होते. कालच्याच मुकुटाचा रंग!

"आये, हिकडं ये!"

बायजाने वाकून पाहिलं आणि चक्क हात जोडले. "देव पोटातून फिरून आला गो!"

वनिताला हसू आलं, पण क्षणभरच. पोरीला उचलून तिने थेट पेणचा दवाखाना गाठला.

"हे प्लास्टिक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिसतंय ते बाहेर पडतंय. पण प्लास्टिकचा भुगा होत होत इतका बारीक होतो की डोळ्याला दिसत नाही. तसला भुगा माणसाच्या रक्तातसुद्धा सापडलाय. तिथं तो काय करतो, ते अजून आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."

"मी तर निस्ती फुंकते, बाई."

"फुंकायच्या आधी श्वास घेतेसच ना?"

वनिता थक्क झाली. एवढीशी चमकी, पण तिला ना भिंत अडवते ना कातडं! आजवर फुंकलेले सगळे मुकुट तिच्या डोळ्यांपुढून गेले. दरवर्षी विसर्जनाला कुठल्या कुठल्या पाण्यात उतरले असतील ते. तिला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने शेठना सांगून टाकलं, "चमकी माझ्याच्यानं व्हनार नाय. मुकुट रंगवायचा तर रंगवते."

"अगो, गिऱ्हाईक चमकीच मागतंय!"

"मागू दे. माझी पोर चाटते ती."

घरी येऊन तिने केस, साडी, लेकीचं कपाळ, सगळं घमेल्यात खळखळून धुतलं. घमेल्यात दिवाळी उतरली.

"वत नदीत, नि मोकळी हो," बायजा म्हणाली.

वनिता घमेलं घेऊन काठापर्यंत गेली. खाली तिचा नवरा सोमा गुडघाभर पाण्यात उभा राहून रात्रीच्या कालवणाला मासे धरत होता. ती तिथंच थांबली.

"आये," मागून आलेल्या बायजाला ती म्हणाली, "आता हे वतू कुठं?"