जाळीघराची ताटी

शनिशिंगणापूरच्या शिवारातल्या त्या वस्तीवर आदिनाथला सगळे ‘नगरचे पाव्हणे’ म्हणत. जन्म याच वस्तीवरचा, लग्नही इथल्याच मांडवात लागलेलं, तरी पाव्हणे. उमेदीची सगळी वर्षं त्याने नगरच्या एमआयडीसीत काढली, एका कारखान्याच्या रंगखोलीत. तो तिकडे भाड्याच्या खोलीत, बायको केशरबाई इकडे पोरं घेऊन. सुट्टीला एसटीने यायचा, आणि चप्पल पायातून निघते न निघते तोच परतीच्या गाडीची वेळ व्हायची. निवृत्त होऊन कायमचा घरी आला तरी शेजारच्या ओट्यावरून थोरली भावजय बायडाबाई विचारायचीच, “भावजी, मुक्काम हाय का आज?”

चेष्टाच ती. पण केशरबाईही तिच्याबरोबर हसायची, आणि ते हसणं त्याला रुतायचं.

घरामागे केशरबाईची भाजी होती. मोरीच्या पाण्यावर जगवलेली वांगी, गवार, मिरची, कडेने शेपू, कुंपणावर घोसाळीचा वेल. आदिनाथ आला त्या पहिल्याच आठवड्यात मदतीच्या उत्साहाने खुरपं घेऊन बसला आणि तण समजून तिचा तांदुळजा उपटून मोकळा झाला. ती रागावली नाही. खुरपं त्याच्या हातातून घेत म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. बसा तुमी.” पाव्हण्याला म्हणतात तसं.

एकदा सोनईच्या बाजारातून आल्यावर पिशवी रिकामी करताना ती बायडाबाईला सांगत होती, “आपल्यात समदं येतं, टमाटं तेवढं न्हाई. पानं आकसत्यात न् झाड खालीच बसतं. बाजार काय सुटत न्हाई.” आत बसलेल्या आदिनाथने हे ऐकलं आणि मनाशी धरलं. टोमॅटो आपण पिकवायचा. पहिली पाटी हिच्या पदरात ओतायची. मग बघू पाव्हणा कोण म्हणतं ते.

त्याने गोठ्याएवढ्या जागेवर लोखंडी पाइप रोवले, वरून आणि चारी अंगांनी बारीक पांढरी जाळी ताणली. रोपं देणाऱ्या नर्सरीवाल्याने बजावलं होतं, “रोग पांढरी माशी आणते. तिला आत येऊ दिलीत तर जाळीचा पैसा पाण्यात. दार पक्कं ठेवा.”

अडलं ते दारापाशीच. शनिदेवाच्या राखणीवर सोडलेल्या या गावात घरांना चौकटी असतात, दारं नसतात. थोरला भाऊ सहादेव काठी टेकत आला आणि जाळीघराभोवती एक फेरी मारून उभा राहिला.

“आद्या, दार लावतो व्हय?”

“दादा, चोरासाठी न्हाई. माशीसाठी.”

“आन् देवाला माशी येगळी, चोर येगळा, हे कोन सांगनार? तू?”

आदिनाथचीही श्रद्धा होतीच. त्याने वाट काढली. बांबूच्या चौकटीवर जाळी ठोकून एक ताटी केली. तिला बिजागरी नाही, कडी नाही. कुत्रं शिरू नये म्हणून लोक उंबऱ्यात फळी टेकवतात तशी ही नुसती टेकवायची. सहादेवने ताटी एका बोटाने ढकलून पाहिली. ती पडली तेव्हा त्याचं समाधान झालं.

रोपांनी जीव धरला. आदिनाथने वरच्या तारेला सुतळ्या बांधून त्यांवर झाडं चढवली. केशरबाई बघायला आली. “अवो, झाडं कशापायी वाळत घातली दोरीवर?” म्हणाली. पण बोलता बोलता तिने एक पान दोन बोटांत धरून पाहिलं, आणि त्या दिवशी आदिनाथला भाकर गोड लागली. तिची बाहेरची कोथिंबीर उन्हाने करपत होती. त्याने आपण होऊन जाळीघरात एक कोपरा तिला दिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याने केलेल्या जागेत ती पहिल्यांदाच ये-जा करू लागली. पाठोपाठ बायडाबाईही.

ताटी मात्र जिथे पडेल तिथे पडून राहायची. त्या मुद्दाम करत नव्हत्या. जन्म गेला तरी आपल्या मागे काही लोटून घ्यायचं असतं हे त्या हातांना माहीतच नव्हतं. आदिनाथचं उलट. रंगखोलीचं दार बोटभर उघडं राहिलं तरी धूळ येऊन ओल्या रंगावर बसायची आणि सगळा माल वाया जायचा, त्यामुळे दार ओढल्याशिवाय त्याचं पाऊल पुढे पडत नसे. पहिल्यांदा त्याने गुपचूप ताटी उचलून लावली. मग हळूच सांगितलं. “व्हय की, इसरले,” केशरबाई म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विसरली. बायडाबाईला सांगितलं तर ती म्हणाली, “भावजी, दार लावायचं शिकायला आता आमी नगरला जावं का?”

झाडांना हिरवी फळं लगडली होती. एका सकाळी तो गेला तर ताटी आडवी आणि तिच्यावर कोंबडी बसलेली. आत त्याने एक फांदी हलवली. पानांखालून पीठ उडावं तशा पांढऱ्या माश्या उडाल्या. त्याने निंबोळी अर्क मारला, पिवळे चिकट कागद टांगले. पण पंधरवड्यात शेंडे आकसले, पानं वाटीसारखी वळली. मग ते सगळ्या झाडांवर पसरलं.

केशरबाई कोथिंबीर खुडून वळली, मागे बायडाबाई उभी होती. आदिनाथला स्वतःला आवरता आलं नाही.

“तुझ्यामुळं मेलं हे! एक ताटी टेकवायला हात मोडत होते का?”

केशरबाईने एकदा त्याच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

“तुमी नगरला हुता तवा ह्या उघड्या घरात मी निजत हुते. दोन पोरं कुशीला घिऊन. साप आला, इच्चू आला, पिऊन झिंगलेलं मानूस आलं. केशर, तुला भ्या वाटतं का, असं येक दिस इचारलं न्हाई तुमी. आन् चार झाडांसाठी मला दार लाव म्हनता व्हय?”

तिने पदरातली कोथिंबीर तिथेच वाफ्यावर टाकली आणि ती गेली. बायडाबाईही तिच्या पाठोपाठ निघाली.

रोगट झाडांवर थोडी फळं पिकली, लहान आणि कडक. आदिनाथने ती पुसून, पाटीत भरून चुलीपाशी नेऊन ठेवली. पदरात ओतायचं धाडस झालं नाही. पाटी तशीच राहिली. पुढच्या बाजारी केशरबाईने टोमॅटो आणले आणि रात्री भाजी केली. तो जेवता जेवता थांबला.

“कुठलं हे?”

“सोनईच्या बाजाराचं.”

“घरी हुतं की.”

“तुमचं तुमाला असू द्या. नीट झाकून ठिवा, माशी बसंल.”

पाटीतली फळं सुरकुतली. शेवटी त्याने ती म्हशीपुढे टाकली. झाडं उपटून जाळली, ताटी मोडून सरपणात घातली. जाळीघर आता येणाऱ्याजाणाऱ्याला मोकळं होतं. आत केशरबाईची कोथिंबीर वाढली, जून झाली, तिला पांढरी फुलं आली. खुडायला कोणी आलं नाही. घरात कोथिंबीर बाजारातून येऊ लागली.

संध्याकाळी आदिनाथ त्या मोकळ्या तोंडापाशी दगडावर बसायचा. तिथून केशरबाई दिसायची, वाफ्यात वाकलेली. तीही त्याला पाहत असणारच. पण दोघांमधली चार पावलं कोणी चाललं नाही.

एके दिवशी ओट्यावरून बायडाबाईने जुन्या सवयीने हाक दिली, “भावजी, मुक्काम हाय का आज?”

आदिनाथने पटकन केशरबाईकडे पाहिलं. ती हसली नाही. तिने मान खाली घातली आणि गवार तोडत राहिली.

ती हसली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.