करप्याच्या मुहूर्तावर

माझ्या शांताआत्याचं लग्न हळदीवरच्या करप्यामुळे लागलं.

करपा म्हणजे हळदीच्या पानांवर पडणारा रोग. आमच्या कुरुंद्यात हे कुणाला सांगावं लागत नाही, पण तुम्हाला सांगितलेलं बरं. आणि या सगळ्याला जबाबदार कोण? मी! वय वर्षं बारा, इयत्ता सातवी, दोन वेण्या, आवाज खणखणीत.

माणसाची आवडनिवड कुठे घडते असं विचारलं, की लोक मोठमोठ्या जागा सांगतात. माझी घडली दोन ठिकाणी. एक, आमच्या खिडकीतल्या रेडिओसमोर आणि दोन, वसमतच्या बसस्टँडवर. रेडिओवर संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम लागायचा. अण्णा (म्हणजे माझे वडील) तो खतासाठी ऐकत, मी ऐकायचे त्या निवेदिकाबाईंच्या आवाजासाठी. बोंडअळीबद्दल बोलतानाही त्यांचा आवाज असा, की अळीलासुद्धा लाजल्यासारखं व्हावं! आणि वसमतच्या स्टँडवर भोंग्यातून गाड्या सांगणारा एक अदृश्य माणूस होता. बाकीच्या पोरी वसमतला बांगड्या बघायला जायच्या. मी बाकावर बसून "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" ऐकायचे. माय म्हणायची, "आपली गाडी गेली ना गं! काय ऐकून राहिली एवढं?" गाडी गेलेली असायचीच. पण तिची घोषणा किती सुंदर झाली होती, हे मायला कसं सांगणार?

अशात काकांनी घरात टेपरेकॉर्डर आणला. त्याला एक लाल बटण होतं. ते दाबून बोललं की आवाज कॅसेटमध्ये भरायचा. माझं आयुष्यच बदललं! अडचण एकच होती, कोरी कॅसेट नव्हती. पण विकतच्या कॅसेटच्या वरच्या बाजूची दोन भोकं कागदाचा बोळा कोंबून बुजवली, की तिच्यावरही आपलं भरता येतं, हे ज्ञान मला वर्गातल्या एका मैत्रिणीने दिलं. (ती पुढे शिक्षिका झाली. ज्ञानदानाची हौस लहानपणापासूनच.)

घरात कॅसेट होती एकच. मंगलाष्टकांची. शांताआत्याचं लग्न ठरलं तेव्हा अण्णांनी हिंगोलीहून आणलेली. तिच्या एका बाजूला मंगलाष्टकं आणि दुसऱ्या बाजूला नुसती सनई. मी विचार केला, सनई कोण ऐकतं? सनईच्या बाजूवर आपलं केंद्र सुरू करू.

आठ दिवस दुपारी, सगळे शेतात गेले की, मी केंद्र चालवलं. शेतीचा सल्ला, गाड्यांच्या वेळा, स्थानिक बातम्या. बातम्या घरातल्याच, कारण माझे वार्ताहर कमी होते.

फक्त एक गोष्ट नजरेतून निसटली. कॅसेटवरची चिठ्ठी निघालेली होती. सनईची बाजू कोणती, हे मी अंदाजाने ठरवलं होतं आणि कॅसेट जिथे थांबलेली होती तिथूनच भरायला लागले होते.

लग्न होतं भर मे महिन्यात, मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. नवरदेव कनेरगाव नाक्याचे, वऱ्हाड दोन ट्रक भरून आलेलं. मंडपात माणूस मावेना. आणि ऐन वेळी कळलं, की गुरुजींचा आवाज गेला! तीन दिवसांत त्यांनी नऊ लग्नं लावली होती. ते तोंड उघडत, पण आत नुसती हवा खेळायची.

"काही फिकीर न्हाई," अण्णा छाती काढून म्हणाले, "आपल्याकडे कॅसेट हाय!"

मी धावत अण्णांपाशी गेले.

"अण्णा, ती नका लावू," मी त्यांचा सदरा ओढला.

"काहून?"

"माझं पोट दुखून राहिलं."

"मग जेवू नको," असं म्हणून अण्णांनी कॅसेट लाउडस्पीकरवाल्याच्या हातात दिली. त्याने ती टेपमध्ये घातली, बटण दाबलं आणि तो पान खायला निघून गेला.

अंतरपाट धरला. पहिलं मंगलाष्टक झालं. अक्षता पडल्या. मी डोळे मिटून हात जोडले. दुसरं झालं. पुन्हा अक्षता. वाचलो, असं मला वाटलं.

आणि मग भोंग्यातून 'खट्ट' असा आवाज आला.

"नमस्कार! हे कुरुंदा केंद्र आहे. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. हिंगोलीहून कनेरगाव नाकामार्गे वाशीमला जाणारी गाडी फलाटावर उभी आहे. गाडी सुटण्याच्या बेतात आहे!"

वऱ्हाडातल्या सात-आठ म्हाताऱ्या ताडकन उठल्या.

"आपली गाडी लागली गं!"

"मपली पिशवी कुठंय?"

"अगं, लगन तर लागू दे!"

"गाडी थांबती का लगनासाठी?"

त्यांना खाली बसवेपर्यंत इकडे अण्णा टेपकडे धावले होते. त्यांनी दिसेल ते बटण फिरवलं. आवाज दुप्पट झाला!

"आता ऐका स्थानिक बातम्या. शांताआत्याने नवरदेवाचा फोटो तांदळाच्या डब्यात लपवून ठेवला आहे. ती दर तासाला तांदूळ निवडायला बसते. आमच्या घरात आता एकही खडा उरलेला नाही."

अख्खा मंडप खो खो हसला. अंतरपाटाच्या अलीकडे आत्याने मान इतकी खाली घातली, की मुंडावळ्या छातीला टेकल्या. पलीकडे नवरदेव, जे सकाळपासून शिक्षा झाल्यासारखे उभे होते, ते कानापासून कानापर्यंत हसत होते. मला क्षणभर वाटलं, झालं ते बरंच झालं.

पण बातम्या संपल्या नव्हत्या.

"पाहुण्यांची वार्ता. मुलगी बघायला आलेल्या नवरदेवाच्या मामांनी एकोणीस भजी खाल्ली. नंतर ते म्हणाले, मला तेलकट चालत नाही."

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. नवरदेवाचे मामा अंतरपाटाशेजारीच उभे होते. अंगाने दांडगे, मिशा त्याहून दांडग्या. मिशा थरथरायला लागल्या.

"हा काय तमाशा हाय?" मामा गरजले. "बोलावून बेइज्जती करता व्हय? चल रे, उतर खाली! न्हाई लागत हे लगन!"

त्यांनी नवरदेवाचा दंड धरला. अण्णांचा चेहरा पांढरा पडला. गुरुजी दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होते, पण ऐकू काय येणार? त्यांनी मनगटावरचं घड्याळ सगळ्यांना दाखवलं. बारा चौतीस! माय रडायला लागली. मी पाण्याच्या रांजणामागे लपले आणि मनात म्हटलं, संपलं. आत्याचं लग्न मोडलं. माझ्यामुळे मोडलं. सुट्टी संपली की मी शाळेत न जाता थेट हिमालयात जाणार.

भोंगा मात्र शांतपणे बोलतच होता.

"शेतकरी बंधूंनो, हळदीच्या पिकावर करपा पडण्याची शक्यता आहे. तरी सर्वांनी, सावधान!"

आता लक्षात घ्या, त्या मंडपात चारशे माणसं होती. हातात अक्षता घेऊन ताटकळलेली. आणि 'सावधान' या शब्दावर आपला हात आपल्या ताब्यात राहत नाही!

चारशे हात एकदम उठले. अक्षतांचा असा मारा झाला, की मामा पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडून उभे होते, त्यांच्या तोंडात मूठभर ज्वारी गेली. (आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या.) बँडवाल्यांनी अक्षता पाहिल्या आणि ढोल बडवला. ढोल ऐकून अंतरपाट धरणाऱ्यांनी अंतरपाट सोडला. अंतरपाट पडताच आत्याने, जी एरवी वाटीभर पाणी द्यायला पाच मिनिटं लावते, तिने विजेच्या वेगाने नवरदेवाच्या गळ्यात हार टाकला. नवरदेवांनी दंड सोडवून घेतला आणि दुप्पट वेगाने तिच्या गळ्यात हार टाकला!

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. बारा पस्तीस. त्यांनी अंगठा वर केला आणि उरल्यासुरल्या आवाजात फुसफुसले, "लागलं!"

"असं कसं लागलं?" मामा ज्वारी थुंकत ओरडले. "करप्यावर कुठं लगन लागत असतं?"

तेव्हा पुढच्या रांगेतून नवरदेवाची आजी उठली. गाडी पकडायला निघालेल्यांत ती सगळ्यांत पुढे होती, त्यामुळे पिशवी अजून काखेतच होती.

"खाली बस रे," ती मामांना म्हणाली. "एकोणीस कुठले? बावीस होते. म्या सोता मोजले!"

मामा खाली बसले. मंडप इतका हसला, की बँड ऐकू येईना. शेवटी मामांनाही हसू फुटलं. मिशीत अडकलेले दाणे झटकत त्यांनी विचारलं, "कोण बोलून राहिलं होतं ते? आणा तिला!"

काकूने मला रांजणामागून ओढून काढलं. एक वेणी सुटलेली, फ्रॉक ओला.

"तू?" मामा म्हणाले. "एवढीशी? कुणी शिकवलं असं बोलायला?"

"रेडिओनं," मी मुसमुसत म्हणाले. "अन् वसमतच्या स्टँडनं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते अण्णांकडे वळले. "पाहुणे, तीस वर्षं झाली मी यष्टीनं हिंडून राहिलो. आमच्या कनेरगावची गाडी इतकी साफ आजवर कुणी सांगितली न्हाई. पोरीच्या हातात माइक द्या!"

आणि मला माइक मिळाला. खरा माइक! मला तर वाटलं, लग्न माझंच आहे.

मी घसा साफ केला. "पाहुण्यांनी कृपया लक्ष द्यावे. वऱ्हाडाची पहिली पंगत लिंबाखाली बसत आहे. कृपया ढकलाढकली करू नये. चपला आपापल्या जबाबदारीवर ठेवाव्यात." आणि काय सांगू! लोक खरोखर रांगेत गेले. कुरुंद्याच्या लग्नात पंगतीला रेटारेटी झाली नाही, असं पहिल्यांदाच घडलं. हरवलेलं एक लेकरू सापडलं. ट्रकवाल्यांनी ट्रक सावलीत लावले. कनेरगावच्या चार माणसांनी आपापल्या घरच्या लग्नाच्या तारखा मला तिथेच सांगितल्या. अण्णा, जे घटकाभरापूर्वी मला मारायला धावले असते, ते ओळखीच्या-अनोळखीच्या प्रत्येकाला सांगत होते, "आमची वंदी हाय ती. पयल्यापासूनच तशी!"

मग मी थांबायला हवं होतं. पण मी ठरवलं, की आता बातम्यांचा पुढचा भाग द्यावा. काकूच्या घोरण्याबद्दल, अण्णांनी केसांना लावलेल्या कलपाबद्दल, नवीन आत्तोबांना पाठवायच्या पत्रात आत्याने खोडलेल्या ओळींबद्दल. मी वीस मिनिटं बोलले. समोरची माणसं जेवता जेवता माझ्याकडे बघून हसत होती, माना डोलावत होती. मला वाटलं, असे रसिक श्रोते जगात कुठे नसतील!

नंतर कळलं, की "आता ऐका" म्हटल्याबरोबर नवी नवरी शालूसकट उठून मागे गेली होती आणि तिने माइकची वायर उपटून ठेवली होती.