जाळीखालचं तळं

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी उस्मानपुऱ्यातल्या सरकारी कार्यालयात बसून उपग्रहाच्या चित्रांवरून मत्स्यतळी शोधत होते. कुठल्या शेततळ्यात मासे आहेत, पाणी किती उरलंय, याचा नकाशा करायचा होता. पाणी पुरेसं दिसलं की ते टँकरसाठी उपसायचं, असं वरून ठरलेलं होतं.

करमाडच्या बाजूला सगळं रान तपकिरी दिसत होतं. एकच चौकोन हिरवा. संगणकानं त्याला पीक ठरवलं. विहिरी आटलेल्या असताना पीक कशावर उभं असेल, हे मला पटेना. मी बघायला गेले.

पीक नव्हतंच. पाणी उन्हानं उडू नये म्हणून शेडनेटची हिरवी जाळी ताणून झाकलेलं तळं होतं. मालकीणबाई जाळीचं टोक उचलून खाद्य टाकत होत्या. खाली पाणी खदखदल्यासारखं हललं. मी कोण, कशासाठी आले ते सांगितल्यावर त्यांचा हात थांबला.

"फोटुत काय दिसलं?" त्यांनी विचारलं.

"पीक."

"मग पीकच लिवा की, ताई. मासं अजून बोटाएवढं बी नाय."

बांधापलीकडं रस्त्यावर घागरींची रांग होती. टँकर आदल्या दिवशीही आला नव्हता. बाईंनी तिकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी वही उघडली. 'तळं, मासे, पाणी आहे' असं लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्या जाळीचं टोक सोडून घराकडं गेल्या.

माशांपुरतं पाणी ठेवा, असं मी कार्यालयातल्या साहेबांना विनवलं. ते हो म्हणाले. आठवड्यानं मी परत गेले तेव्हा टँकरसाठी उपसून तळ्यात गुडघाभरच पाणी उरलं होतं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते आणि बाई आणि त्यांचा नवरा ते पिंपांत भरून दारातल्या हौदात सोडत होते. मीही चपला काढून उतरले. बाईंनी अडवलं नाही. निम्मे मासे मेले.

त्याच तळ्याच्या खुणेवरून बाकीची झाकलेली तळीही काढा, असं साहेबांनी सांगितलं. संगणकाला जाळीचा तो रंग एकदा कळल्यावर दोन दिवसांत थेट पिशोरपर्यंतची तळी पडद्यावर आली. यादी पाठवताना मी प्रत्येक नोंदीपुढं, माशांपुरतं पाणी राखल्याशिवाय उपसू नये, असं लिहून सही केली. काही ठिकाणी ते पाळलं गेलं. काही ठिकाणी नाही.