भोकरटेकची कावीळ

चुडामण स्वतःला कधी डॉक्टर म्हणाला नाही. पारोळ्याच्या एका डॉक्टरांकडे त्याने अकरा वर्षं कंपाउंडरकी केली होती. औषधाच्या बाटलीला डोस मोजायची कागदाची नक्षीदार पट्टी चिकटवायची, जखमा बांधायच्या, आणि शेवटी शेवटी डॉक्टरांचा हात थरथरायला लागला तेव्हा सुयाही द्यायच्या. डॉक्टर वारले, दवाखान्याला कुलूप लागलं आणि १९७९ साली चुडामण आपल्या गावी, भोकरटेकला परतला. सोबत काचेच्या दोन पिचकाऱ्या, पाच सुया आणि त्या उकळायची जर्मन धातूची डबी. ओसरीवर बाकडं टाकलं. महिन्याभरात अख्खं गाव त्याला डॉक्टर म्हणू लागलं.

त्याचा हात हलका होता. सुई टोचली हे रडणाऱ्या पोरालाही उशिरा कळायचं. गोळ्या दिल्या तर माणसं नाराज व्हायची. "गोयीघाई काय व्हस? सुई दे," म्हणायची. ताकदीची लाल सुई तर बायका हक्काने मागून घ्यायच्या. त्याची बायको कमलबाई पिशवीचं ऑपरेशन झाल्यापासून सारखी थकायची. तिलाही तो दर सोमवारी लाल सुई द्यायचा.

१९८५ साली पोळा झाला आणि गाव हिवतापाने धरलं. रोज साठ-सत्तर माणसं ओसरीवर यायची. चुडामण पहाटे उठून स्टोव्हवर पिचकाऱ्या नि सुया उकळायचा. त्यानंतर दिवसभर उसंत नसे. एकाला टोचलं की सुई स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, कोमट पाण्यातून काढायची, की पुढचा दंड. पारोळ्याला असंच चालायचं. तिथे तो हेच शिकला होता आणि त्यात काही वावगं आहे असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तीन आठवड्यांत ताप ओसरला. मारुतीच्या पारावर गावाने त्याला टोपी-उपरणं दिलं. कमलबाईने ते पेटीत जपून ठेवलं.

दिवाळी सरली आणि वनाचे डोळे पिवळे झाले.

वना म्हणजे रुपचंदचा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षांचा गडी, कपाशीची गोणी एकटा पाठीवर घेणारा. लघवी मोहरीच्या तेलासारखी होऊ लागली, अन्नाचा वास सोसेना. रुपचंदने त्याच्या गळ्यात काविळीची माळ बांधून आणली. चुडामणनेही रोज सलाईन लावलं, सुया दिल्या. सोळाव्या दिवशी वना बरळायला लागला, भावाला ओळखेना, आणि अठराव्या दिवशी गेला. तोवर गावात आणखी वीस जण पिवळे पडले होते. होळीपर्यंत आकडा अठ्ठावन्नवर गेला. त्यातले सहा मेले. उरलेले उठले, कामाला लागले, आणि लोकांना वाटलं, साथ गेली.

फाल्गुनात पुण्याच्या प्रयोगशाळेची जीप आली. डॉक्टर वसुधा रेगे नावाच्या बाई होत्या, चाळिशीच्या आत-बाहेर. बरोबर दोन माणसं आणि बर्फाच्या पेट्या. त्यांनी आधी विहिरीचं पाणी घेतलं. मग घरोघर जाऊन आजारी माणसांचं आणि धडधाकट माणसांचंही रक्त घेतलं. चुडामण त्यांच्याबरोबर हिंडला. लोक भ्यायचे, तो समजूत घालायचा. शीर सापडली नाही की बाई त्याला पुढे करायच्या. कमलबाईनेही हात पुढे केला. तिला कावीळ झाली नव्हती. धडधाकटांच्या यादीत तिचं नाव लागलं.

गावाबाहेर एका मळ्यात सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेली मजुरांची नऊ बिऱ्हाडं उतरली होती. त्यांचा मुकादम डोंगरसिंग. बाईंनी त्याला विचारलं, "तुमच्यात कुणाला कावीळ झाली?"

"कोनाले नही," तो म्हणाला.

"पाणी कुठलं पिता?"

"त्याच विहिरीचं. गाव पितं तेच."

"आणि ताप आला तेव्हा?"

"आला ना, समद्यांना आला. झाडपाला घेतला. पोरं सुईला भेतात, म्हून कोणी गेलो नाही."

बाई वहीत बराच वेळ लिहीत राहिल्या. परतताना त्यांनी चुडामणला विचारलं, "चुडामणभाऊ, दोन माणसांच्या मध्ये सुई उकळता का?"

त्याला राग आला. "बाई, सत्तर माणसं असतात. स्पिरिटने पुसतो. अकरा वर्षं हेच केलं."

"पुसून भागत नाही. प्रत्येक वेळी वीस मिनिटं उकळा. नाहीतर माणसागणिक वेगळी सुई घ्या." एवढंच त्या बोलल्या आणि जीपमध्ये बसल्या.

त्याने धुळ्याहून आणखी एक डझन सुया आणल्या. महिना-दोन महिने नेमाने उकळल्या. मग पावसाळा लागला, ओसरीवर पुन्हा गर्दी झाली आणि जुनी सवय परत हातात आली. पुण्याहून पत्र आलं ते इंग्रजीत होतं. शाळेच्या मास्तरांनी वाचून सांगितलं, की कावीळ 'बी' प्रकारची होती, रक्तातून पसरणारी. रक्तातून म्हणजे नेमकी कशी, हे मास्तरांना सांगता आलं नाही. चुडामणने विचारलंही नाही.

पुढची वर्षं सरळ गेली असं गावाला वाटत होतं. मधूनच कुणाचं पोट पाण्याने फुगायचं, हातापायाच्या काड्या व्हायच्या, आणि दोन-चार महिन्यांत माणूस जायचा. लोक म्हणायचे, आतून खंगला. गावातल्या बेबाबाईची सून अशीच गेली, १९९० साली, चार वर्षांची मुलगी मागे ठेवून. दोन वर्षांनी कमलबाईचं पोट फुगलं. चुडामणने तिला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. पोटातून बादलीभर पाणी काढलं, ते आठ दिवसांत पुन्हा भरलं. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "बाई दारू पितात का?" जन्मात ताडी न शिवलेल्या कमलबाईने तोंड भिंतीकडे फिरवलं. चुडामणला तिच्या मरणाइतकाच तो प्रश्न लागला.

१९९७ च्या मार्गशीर्षात रेगेबाई पुन्हा आल्या. केस पांढरे झाले होते. या वेळी जीप नव्हती, पारोळ्याहून रिक्षा करून एकट्याच आल्या. ओसरीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याशी एकट्याशी बोलायचंय."

मग त्यांनी सांगितलं. त्या सालचं रक्त त्यांनी अकरा वर्षं गोठवून ठेवलं होतं. तेव्हा एवढंच कळत होतं की विषाणू आहे की नाही. आता नवी यंत्रं आली होती; एका थेंबातल्या विषाणूच्या लाखो प्रती काढून त्याच्या आतलं लिखाण वाचता येत होतं.

"प्रत्येक विषाणूच्या आत चार अक्षरांत लिहिलेली एक लांब ओळ असते," बाई म्हणाल्या. "नक्कल होताना अधूनमधून अक्षर चुकतं. म्हणून पारोळ्याच्या रुग्णाची ओळ वेगळी, चोपड्याच्या रुग्णाची वेगळी. लग्नाच्या पत्रिकेत एखादं नाव चुकीचं छापलं गेलं, तर ज्या ज्या घरी तीच चूक सापडेल ती पत्रिका एकाच छापखान्यातली, हो ना? भोकरटेकच्या एकेचाळीस माणसांच्या विषाणूत त्याच तीन चुका आहेत. वेगळ्या आळीतली, वेगळ्या जातीची, एकमेकांच्या घरी पाणीही न पिणारी माणसं. त्यांच्यात सामाईक एकच गोष्ट होती."

चुडामणने डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरलं.

"मनी सुई," तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली.

"कमलचं रक्त व्हतं तुमच्याकडे."

बाईंनी पिशवीतून कागद काढले. नावं नव्हती, नुसते आकडे. दोन पानं उलटून त्या थांबल्या. "तिलाही तोच होता. तेव्हाच होता. कावीळ दिसली नाही, पण आत राहिला आणि यकृत खात गेला."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"सुईवर संशय होता. पुरावा नव्हता. पुराव्याशिवाय सांगितलं असतं तर गावाने तुमचं काय केलं असतं, कोण जाणे."

"पुरावा नव्हता, पण संशय होता ना बाई? मला एकट्याला सांगायचं. मी सहा वर्षं तिला दर सोमवारी टोचत होतो."

"उकळा असं सांगितलं होतं," बाई म्हणाल्या, आणि लगेच त्यांना स्वतःचंच बोलणं तोकडं वाटलं असावं. "पण का, ते सांगितलं नाही. ती माझी चूक." आपल्या लेखात गावाचं नाव येणार नाही, त्याचंही येणार नाही, असं त्या म्हणाल्या. चुडामणने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि दंडावरची बाही वर केली. "माझंही घ्या."

पंधरा दिवसांनी पत्र आलं, या वेळी मराठीत. त्याच्याही रक्तात तोच विषाणू होता. सुई साफ करताना त्याच्या बोटांना शेकडो वेळा टोचलं होतं. सुरुवात त्याच्यापासून झाली की त्याला कुणाकडून लागण झाली, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. खाली बाईंनी लिहिलं होतं: पोरांची तपासणी व्हायला हवी. आईकडून बाळंतपणात लागण होते. ज्यांना नाही त्यांना लस देता येईल. लोकांना तयार करणारं कुणीतरी हवं.

पत्र खिशात घालून तो आधी रुपचंदकडे गेला. रुपचंद गोठ्यात बैलाच्या खुराला तेल लावत होता. चुडामणने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वनाला ताप आला तेव्हा आपणच सुई दिली, त्या सुईतूनच कावीळ गेली, हेही सांगितलं.

रुपचंदने हात धोतराला पुसले. "मना भाऊ सुईघाई मरना नही," तो म्हणाला. "तेनं आयुष्य सरनं व्हतं. तुना हातनी सुई लागनी का ताप उतरी जाये. हाई बठ्ठा गावले म्हाईत शे." मग कपाळाला हात लावून म्हणाला, "आज बी कणकण शे. एक सुई दे."

चुडामणला वाटलं, याने कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं.

बेबाबाईने त्याला बसायला पाट दिला, पाण्याचा तांब्या दिला. तो बोलत असताना ती तूर पाखडत होती. त्याचं सांगून झालं तेव्हा सूप थांबलं.

"तुले म्हाईत व्हतं का?" तिने विचारलं.

"नही."

"मंग आते कसाले सांगस?"

"तुनी नातनं रगत तपासनं पडी."

बेबाबाई उठली. त्याच्यापुढचा तांब्या, अजून भरलेला, तिने उचलला आणि अंगणात ओतला. मग ती आत गेली. चुडामण पाटावरून उठला आणि पुढच्या घरी गेला.

असा तो अठ्ठावन्न घरी गेला. काहींनी शिव्या दिल्या, एकाने अंगावर चप्पल फेकली. बहुतेकांनी रुपचंदसारखं समजावलं, की डॉक्टर, तुमचं मन कमलबाई गेल्यापासून थाऱ्यावर नाही. ओसरीवरचं बाकडं त्याने काढून टाकलं. तेव्हा मात्र गाव खरंच चिडलं, कारण आता सुईसाठी पारोळ्याला जावं लागे. चार महिन्यांत रतिलाल नावाचा एक जण मोटारसायकलवर पिशवी घेऊन यायला लागला. चुडामण त्याला रस्त्यात अडवून म्हणाला, "भाऊ, प्लास्टिकची वापर. एकाला एक." रतिलाल हसून म्हणाला, "नाना, तीच वापरतो. गरम पाण्यातनं काढतो ना." चुडामणने गाडीची किल्ली काढून नाल्यात फेकली. सरपंचांनी त्याला बोलावून दम दिला. रतिलाल दुसऱ्या दिवशी नवी किल्ली घेऊन आला.

एप्रिलमध्ये रेगेबाईंची माणसं शाळेत बसली. पहिल्या दिवशी नऊ पोरं आली. दुसऱ्या दिवशी सकाळी बेबाबाई नातीचा हात धरून रांगेत उभी होती. तिने चुडामणकडे पाहिलं नाही. पण तिला पाहून बाकीच्या बाया आल्या. आठवड्यात एकशे सत्तर पोरांचं रक्त गेलं. तेवीस पोरांत विषाणू निघाला. बेबाबाईची नात, गेंदा, त्यातली एक. बाकीच्यांना लस मिळाली. लसीच्या प्रत्येकी तीन सुया बाईंनी कुठून कुठून जमवल्या होत्या.

त्या तेवीस पोरांना दर सहा महिन्यांनी धुळ्याला न्यायचं काम चुडामणने अंगावर घेतलं. यष्टीत बेबाबाई पुढच्या सीटवर बसायची, तो मागच्या. तिकिटं तो काढायचा. दवाखान्यात नंबर लावायचा, चिठ्ठ्या समजावून सांगायचा. दीड वर्षात ती त्याच्याशी एकदाच बोलली. गेंदाला रक्त काढताना चक्कर आली तेव्हा म्हणाली, "तिनं डोकं धर."

१९९९ च्या पावसाळ्यात त्याचंच पोट फुगलं. काय होणार हे त्याला पाठ होतं. फैजपूरला दिलेली मुलगी प्रमिला धावत आली. लहानपणी तिलाही त्याने किती सुया दिल्या होत्या. तो दीड वर्ष तिला रक्त तपास म्हणून सांगत होता आणि ती टाळत होती. "कळून काय करू आबा?" म्हणायची. तिला दोन लेकरं होती.

धुळ्याच्या दवाखान्यात त्याने रेगेबाईंना फोन लावायला लावला. मेल्यावर आपल्या यकृताचा तुकडा घ्या, त्यातून पुढे काही कळलं तर कळू द्या, असं त्याने सांगितलं आणि कागदावर लिहूनही दिलं. आठव्या दिवशी त्याला रक्ताची उलटी झाली. दुपारी तो गेला.

रुपचंद प्रेत न्यायला आला होता. कागद पाहून तो प्रमिलाला म्हणाला, "माणसाचं काळीज काढून द्यायचं असतं का पोरी? वर तोंड काय दाखवील तो?" प्रमिलाने कागद पुन्हा एकदा वाचला. मग तिने सही केली. त्याच टेबलापाशी बसून तिने स्वतःची बाही वर केली आणि सिस्टरला म्हणाली, "माझंही घ्या."

तिचं रक्त स्वच्छ निघालं. तसं पुण्याहून पत्र आलं तेव्हा चुडामणला जाऊन सव्वा महिना झाला होता.

रतिलालचा धंदा भोकरटेकला अजून चार वर्षं चालला. गेंदाच्या खेपा बेबाबाई आता चुडामणशिवाय करत असे. धुळ्याला जायच्या दिवशी ती पहाटे पोरीला उठवायची, आणि स्टँडवर बाकीच्या बायांची डोकी मोजून, कुणी आलं नसेल तर पहिली गाडी सोडून त्यांच्या घरी बोलवायला जायची.