न मिळालेल्या कर्जाचे हप्ते

नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठली चोरी कुठल्या वर्षी, विचारलं तर सांगता येणार नाही. पण एक केस कालच्यासारखी लख्ख आहे. ती मनात आली की मला आधी हसू येतं आणि मग भूक लागते. नावं मी कोणाचीच लिहिणार नाही. कोर्टाचं काम कोर्ट करील.

मी मूळचा विदर्भातला. दहावीला शाळा सुटली, भरतीत नशीब उघडलं आणि पुण्यात आलो. शिपाई म्हणून लागलो, श्रेणी उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. गावापासून इतक्या लांब या शहराने आणि वरिष्ठांनी मला सांभाळून घेतलं, हे उपकार मोठे. स्वभाव मात्र पहिल्यापासून काळजीखोर. सही करण्याआधी कागद पुन्हा पुन्हा वाचायचा. सहकारी हसायचे. साहेब हसत नसत, कागद मात्र माझ्याकडेच पाठवत.

निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. खडकीच्या बाजूच्या एका ठाण्यात त्या सकाळी मी ठाणे अंमलदार होतो, म्हणजे दारात येणाऱ्याचं पहिलं गाऱ्हाणं ऐकणारा माणूस. कोणाचं पाकीट हरवलेलं, कोणाला भाडेकरूची नोंद करायची. त्यात एक ताई आल्या आणि माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

"आमच्याकडले साहेब तुमीच का जी?"

गाव विचारलं. माझ्या शेजारचाच तालुका निघाला. खुर्ची दिली.

"मंग एक काम करा साहेब. त्या कर्जवाल्याले जरा फोन लावा. म्हणा, बाई आपल्या ओळखीची हाय, लवकर करा."

तक्रार द्यायला त्या आल्याच नव्हत्या. त्यांना वशिला हवा होता.

ताई एका खाणावळीत स्वयंपाक करत. मालक म्हातारे. त्यांना खाणावळ मोडून लेकीकडे नाशिकला जायचं होतं. भांडी, गॅस, जेवायला येणारी पोरं, सगळं ते ताईंच्या हवाली करायला तयार होते. बरेच महिने ते थांबले होते; आता या महिनाअखेर अनामत रक्कम द्यायची, एवढीच अट. नाहीतर जागेसाठी एक मोमोवाला टपून बसला होता. बँकेत दाद लागली नाही, म्हणून मोबाईलवर जाहिरात बघून ताईंनी एका कर्ज मिळवून देणाऱ्याला गाठलं.

"त्याला काही पैसे दिले?"

"देल्ले ना. पहिले फीचे भरले. मंग विम्याचे भरले. मंग फाईल पुढं सरकवाचे भरले. अन् हप्ता तं दर महिन्याले कार्डातून कटतेच."

"कर्ज मिळालं?"

"नाई ना जी. त्याच्यासाठीच तं आली."

"मग हप्ता कसला कापतात?"

ताईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "कर्जाचा. एक बी चुकवला नाई मी."

मी पेन खाली ठेवलं.

फोन मागून घेतला आणि मेसेज वाचत गेलो. युक्ती साधी होती. पडताळणीसाठी म्हणून कार्डावरून एक रुपया घेतला होता आणि त्याच वेळी दर महिन्याला पैसे काढायची कायमची परवानगीही घेऊन टाकली होती. ताईंना हे समजावलं. त्या ऐकेनात.

"बंद केलं तं फाईल बंद होते म्हणते तो. नाव खराब होते. मंग कोणीच कर्ज देत नाई."

"ताई, तो चोर आहे."

"चोर राहीन जी. पण माह्या नावावर डाग नोको."

हे वाक्य मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोलाही सांगितलं.

शेवटी मी स्वतः त्यांना घेऊन बँकेत गेलो. काउंटरवरच्या मॅडम चांगल्या होत्या. दर महिन्याची कपात थांबवली आणि जुनं कार्डही बंद केलं. बाहेर येऊन चहा सांगितला तोवर ताईंचा फोन वाजला. स्पीकर लावायला सांगितलं. आवाज असा गोड, की खडीसाखर.

"ताईसाहेब, हप्ता थांबवलात? अहो, फाईल मंजुरीच्या टेबलावर आहे. आता नाव काळ्या यादीत जाईल बघा. फेरतपासणीची फी भरा, मी सांभाळून घेतो."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वेळ मागून घ्यायची खूण केली. त्या म्हणाल्या, "घरी विचारून सांगतो." चहा न पिताच ठाण्यात परत आलो आणि त्यांनी फिर्याद दिली.

सायबरचा गुन्हा असला की तपास पोलीस निरीक्षकांकडे जातो. म्हणजे कागदावर साहेब, रस्त्यावर मी. फोनचं सिमकार्ड भलत्याच माणसाच्या नावावर निघालं, तिथे वाट संपली. पण कापलेले पैसे कुठेतरी जमा होतातच. बँकेला पत्र दिलं, खातं गोठवलं आणि खातेदाराची माहिती मागवली. ती वाचून साहेबांनी चष्मा काढला. खातं एका कंपनीचं आणि कंपनीची मालकीण एक सत्तरीच्या पुढची बाई. राहणार धायरी.

"टोळीची म्होरकी," साहेब म्हणाले. "जपून जा."

महिला अंमलदाराला सोबत घेऊन साध्या वेषात गेलो. दार उघडलं ते साखळी लावूनच.

"काही विकायला आला असाल तर नको आहे. पोलीस असाल तर ओळखपत्र दाखवा."

दाखवलं. त्यांनी ते उजेडाकडे धरून पाहिलं. "फोटो जुना आहे. तेव्हा केस होते."

आत बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, "आजी, आपल्या नावावर एक कंपनी आहे."

"माझ्या नावावर गॅसचं कनेक्शन आहे. कंपनी नाही."

मी कागद पुढे केला. त्यांनी सही निरखून पाहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"सही माझीच आहे," मग म्हणाल्या. "धोंड्याचा महिना होता. जावयाला बोलावलं, धोंडे केले. वाण म्हणून चांदीचं ताट घ्यायचं मनात होतं. जावईबापू म्हणाले, आई, चांदी नको, दोन-चार सह्या द्या. मला वाटलं, किती साधा मुलगा."

अधिक महिन्यात जावयाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. त्याने त्याचाच फायदा घेतला होता. बँकेचे मेसेजही त्याच्याच फोनवर जात. आजींना आपण मालकीण आहोत याचा पत्ताच नव्हता.

"मुलगी?" महिला अंमलदाराने हळूच विचारलं.

"तिला यातलं माहीत नसणार. तिला मी सांगेन. ते तुमचं काम नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वारज्याला त्याचं ऑफिस आहे म्हणतात. तुम्ही तिथे गेलात तर मागच्या दाराने पळेल. रविवारी मी जेवायला बोलावते. जेवायला तो कधी चुकत नाही."

रविवारपर्यंत मला चैन नव्हतं. बाईंचं मन पालटलं तर? लेकीसाठी जावयाला सावध केलं तर? तसं झालं तर माणूस गेला, पुरावा गेला आणि ताईंची खाणावळही गेली. साहेबांना बोलून दाखवलं तर म्हणाले, "तुम्ही काळजी करा, मी विश्वास ठेवतो. वाटून घेऊ."

रविवारी आम्ही आतल्या खोलीत पलंगावर बसलो. मी, महिला अंमलदार आणि पंच म्हणून सोसायटीचे दोन सभासद. आजींनी आधीच बजावलं होतं, "त्याचं जेवण होईपर्यंत कोणी बाहेर यायचं नाही. माझ्या घरातून जावई उपाशी जाणार नाही."

जावई एकटाच आला. आवाज ऐकताच ओळखला. तीच खडीसाखर.

ताट वाढल्याचा आवाज झाला. मग आजी म्हणाल्या, "जावईबापू, माझी कंपनी कशी चालली आहे?"

"कुठली, आई?"

"माझ्या नावाची. मालकीण आहे मी. चौकशी करायला नको?"

"अहो ती होय. मस्त चालली आहे. खातं केवायसीपायी बँकेत अडकलंय, तेवढं सुटलं की झालं."

"काय विकतो आपण?"

"विकत नाही. लोकांना कर्ज मिळवून देतो."

"किती जणांना मिळालं?"

"श्रीखंड छान झालंय, आई."

"श्रीखंड घ्या अजून. किती जणांना?"

"प्रक्रिया चालू आहे, आई."

"म्हणजे एकालाही नाही. मग पैसे कसे येतात?"

"ते आपोआप येतात."

"आपोआप देवाच्या पेटीतसुद्धा येत नाहीत. कोणीतरी टाकावे लागतात."

तो हसला. हसला आणि तिथेच फसला. सासूला व्यवहारातलं काय कळतं, असं त्याला वाटलं असणार. रक्कम लहान ठेवली की लोक बघत नाहीत, बघितली तर विचारायला लाजतात आणि कोणी बंद केलीच तर एक फोन केला की घाबरून पुन्हा सुरू करतात, असं त्याने पोळी मोडता मोडता समजावून सांगितलं. ठाण्यात तासन्‌तास विचारून जे निघालं नसतं, ते आजींनी एका ताटावर काढलं.

"झालं जेवण?" आजींनी विचारलं. "हात धुवा."

तो हात धुवून वळला तर समोर मी.

"हे कोण, आई?"

"आपल्या कंपनीचे ग्राहक. तक्रार घेऊन आलेत."

पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, हे आम्हाला पाठ असतं. म्हणून लगेच पंचनाम्याला बसलो. त्याच्याजवळचे फोन जप्त केले. वारज्याच्या त्याच्या ऑफिसातून लॅपटॉप आणि सिमकार्डांचा डबा मिळाला. आजींना साहेबांनी आरोपी न करता साक्षीदार केलं. जावयाला घेऊन निघालो तेव्हा त्यांनी आम्हाला थांबवलं.

"तुम्ही आत बसून नुसता वास घेतलात. दोघं दोघं जेवून जा."

आळीपाळीने जेवलो. बंदोबस्त ढिला पडू दिला नाही, हे साहेबांच्या माहितीसाठी इथे नमूद करतो.

पण माझी काळजी संपली नव्हती. ताईंचे पैसे गोठवलेल्या खात्यात, हातात पडायला कोर्टाचा आदेश हवा आणि महिनाअखेर तोंडावर. अर्ज केला. तारखेला आजी रिक्षाने स्वतः कोर्टात आल्या आणि उभ्या राहून म्हणाल्या, "खातं माझं आहे, पैसे माझे नाहीत. ज्यांचे आहेत त्यांना देऊन टाका." आदेश झाला.

तरी अनामत पुरी होत नव्हती. परत आले ते ताईंचेच पैसे. कर्ज तर कधी नव्हतंच. ताई खाणावळीच्या मालकांकडे गेल्या, मी सोबत गेलो. मोमोवाला तिथे आधीच टेप घेऊन जागा मोजत होता.

ताईंनी होते तेवढे पैसे टेबलावर ठेवले. "बाकीचे जमनार नाई बाबा. मोमोवाल्याले देऊन टाका."

म्हाताऱ्यांनी मला विचारलं, "पोलीस कशाला आलेत?" मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि मोमोवाल्याकडे वळले.

"टेप गुंडाळा."

"अहो काका, मी रोख देतोय."

"द्याल हो. पण जिने न मिळालेल्या कर्जाचे हप्ते चुकवले नाहीत, ती माझे काय बुडवणार? उरलेले ती दर महिन्याला थोडे थोडे देईल."

ताई तिथेच खाली बसल्या. रडल्या की हसल्या, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

लोभी माणूसच फसतो, असं आम्ही पोलीस भाषणात सांगतो. मीही शाळा-कॉलेजात जाऊन सांगितलं आहे. या केसनंतर सांगायचं सोडलं. अशा जाळ्यात वेळेवर पैसे भरणारी आणि नावाला जपणारी माणसंही अडकतात. आपलं चुकलं असेल, असं त्यांना आधी वाटतं. त्यांना दटावून उपयोग नाही. खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं आणि फोनवरचे मेसेज त्यांच्याबरोबर बसून वाचायचे. दर महिन्याला काय कापलं जातं ते मी आता माझंही वाचतो.

निवृत्त झाल्यावर मी ताईंकडे मेस लावली. खरं तर घरी स्वयंपाक होतो, पण कधीतरी आपल्याकडची भाजी-भाकरी लागते. पुण्यात मेसचे पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच द्यायची पद्धत आहे, म्हणून पहिल्या दिवशी पाकीट काढलं. ताईंनी घेतलं नाही.

"महिना संपल्यावर द्या जी."

"सगळ्यांना असंच सांगता? अहो, पोरं जेवून पळून जातील."

"जातीन एखादा," ताई भाकरी थापत म्हणाल्या. "पण जेवाले वाढल्याबिगर पैसे घेनं मले जमत नाई, साहेब. बसा, गरम हाय."