बारा घरांची पाळी

हे प्रकरण मी विसरलेलो नाही, पण त्यात अभिमानाने सांगावे असे फारसे नाही. दोन मुले शोधायला मला जवळपास पाच आठवडे लागले आणि तो सगळा वेळ ती ठाण्यापासून पंधरा मिनिटांवर होती.

तेव्हा मी कर्जत तालुक्यातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. एका बालगृहाच्या अधीक्षकांची फिर्याद आली. भेटीच्या रविवारी वडील आले, चहा-बिस्किटाच्या निमित्ताने मुलांना फाटकाबाहेर नेले आणि परत आणलेच नाही. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा. बालकल्याण समितीच्या आदेशाने मुलांचा ताबा बालगृहाकडे होता, म्हणून अपहरणाचा गुन्हा दाखल झाला. आरोपी म्हणून सख्ख्या बापाचे नाव.

हा बाप माथेरानच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता. कुटुंब हॉटेलच्याच मागच्या खोलीत राहायचे. हॉटेल दुरुस्तीसाठी बंद झाले आणि नोकरीबरोबर खोलीही गेली. डोंगर उतरून चौघे आठ दिवस खालापुरात एस.टी.च्या शेडमध्ये राहिले. कोणीतरी हेल्पलाइनला कळवले. मग प्रत्येक कार्यालयाने आपापले काम नियमाप्रमाणे केले. मुलांना बालगृह मिळाले. आईला महिला आधारगृहात जागा देऊ केली. बापाला सांगण्यात आले, तुम्ही धडधाकट आहात, तुमचे तुम्ही बघा. चौघांना एका छपराखाली ठेवता येईल अशी जागा कोणाच्याच यादीत नव्हती.

दोन आठवडे काही धागा मिळाला नाही. मग सायकलवरून पाव विकणाऱ्याने खबर दिली.

"साहेब, पळसदरीच्या बाजूला ती बारा घरांची वस्ती हाय ना, तिथं एक म्हातारा-म्हातारी रोज चार पाव घ्यायची. या आठवड्यात रोज लादी घेतात."

"पाहुणे असतील."

"पाहुनं दोन दिस. आठवडाभर कोन ठेवतो आजकाल?"

मुद्दा बरोबर होता. सोमवारी सकाळी आम्ही त्या घरी गेलो. घरात दोघेच. पुढच्या रविवारी पाववाला म्हणाला, लादी आता शेजारच्या घरी जाते. सोमवारी तिथे गेलो. कोणी नाही. तिसऱ्या आठवड्यात तिसरे घर, आणि पुन्हा तेच. माझा हवालदार म्हणाला, "साहेब, आपण गुन्हेगार शोधतोय का पाव?"

वस्ती बौद्ध कुटुंबांची, मधोमध विहार. प्रत्येक दारात एकच उत्तर मिळे, "ठावं नाय." शब्दसुद्धा तेच. इतकी एकसारखी साक्ष पढवल्याशिवाय येत नाही, हे नोकरीच्या पहिल्या वर्षी कळते. महिला मंडळाच्या अध्यक्ष बाईंना ठाण्यात बोलावले. वय सत्तरच्या पुढे. दोन तास प्रश्न विचारले.

"मुलं कुठे आहेत, आजी?"

"कोनाची?"

"तुम्हाला माहीत आहे कोणाची."

"मग तुमाला बी म्हाईत हाय, कोनाची ती. आई-बापाची."

जबाबात लिहिण्यासारखे काही मिळाले नाही. त्यांना घरी सोडायला मीच गाडी घेऊन गेलो. त्या उतरल्या आणि माझे लक्ष विहाराच्या भिंतीवरच्या फळ्याकडे गेले. झाडलोटीची पाळी, बारा घरांची नावे, दर रविवारी बदल. त्यात सलग तीन नावे माझ्या ओळखीची होती. मी झडती घेतलेली घरे, त्याच क्रमाने. वस्ती रविवारी संध्याकाळी त्या चौघांचे घर बदलत होती आणि मी इमानेइतबारे सोमवारी सकाळी पोचत होतो.

बुधवारी चौथ्या नावाच्या दारात गेलो. आई भाकऱ्या थापत होती, मुलगी भावाचा पाढा घेत होती. बाप उठून हात पुढे करून उभा राहिला. "मला न्या साहेब. पोरांना नका नेऊ."

आजी मागून आल्या. मी चिडलो होतो, ते लपवले नाही. "चार हेलपाटे घातले मी. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर?"

"पयल्या दिवशी तुमी काय इचारलंत? पोरं कुठं हायत. पोरं कुठं राहनार, ते इचारलंत?" मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "हा गडी आमच्या पुतन्यासंगं कामाला होता. दोन खोल्यांच्या घराला चार मानसं जड होतात. बारा घरांना नाय होत."

मुलांना समितीपुढे हजर करणे मला भाग होते. समितीच्या बाई वाईट नव्हत्या, पण आदेशाला आधार लागतो. "दर आठवड्याला घर बदलतं, तर स्थिर निवास म्हणून काय लिहू?" ग्रामपंचायतीत गेलो. तिथे सांगण्यात आले, घरकुल हवे तर स्वतःची जागा दाखवा. जागा असती तर घरकुल मागायची वेळ आली असती का? समितीने चार दिवस दिले. तोपर्यंत मुले पुन्हा बालगृहात.

विहारामागे एक खोली होती, लग्नाकार्याच्या भांड्यांची. वस्तीने बैठक घेऊन ती अकरा महिन्यांसाठी कुटुंबाला देण्याचा ठराव केला, बाराही घरांच्या सह्यांनी. बायकांनी टोप, पराती, कढया डोक्यावर घेऊन आपापल्या घरी नेल्या. चोरीच्या आणि खुनाच्या जागांचे पंचनामे मी पुष्कळ केले होते. खोलीला दार आहे, दिवा आहे, पाण्याचा नळ वीस पावलांवर आहे, असा पंचनामा पहिल्यांदाच लिहिला. समितीने ठराव वाचला, पंचनामा वाचला आणि मुलांना आई-वडिलांकडे सोपवण्याचा आदेश दिला.

पुढे बापाला खालापुरात एका कँटीनमध्ये काम लागले. अकरा महिने पुरे व्हायच्या आत त्यांनी कर्जतला भाड्याची खोली घेतली.

अशा कुटुंबाला आपण मदत देतो, पण ती माणशी वाटून देतो. प्रत्येकाला जागा मिळते आणि घर मोडते. त्या वस्तीकडे निधी नव्हता, योजना नव्हती. त्यांनी चार माणसे हा एकच आकडा धरला. लपवाछपवी केली ती त्यांची चूक होती, पण ती करायची पाळी आम्हीच त्यांच्यावर आणली होती.

गुन्हा निकाली काढताना ठरलेला नमुना भरावा लागतो. मुले कोणाच्या ताब्यातून मिळाली: वडील. कोणाच्या ताब्यात दिली: वडील. वरिष्ठ कार्यालयाने कागद 'एक रकाना चुकला आहे' असा शेरा मारून परत पाठवला. मी तपासून, काहीही न बदलता, तो पुन्हा पाठवला. तो तीनदा परत आला. चौथ्यांदा कोणी विचारले नाही.