मामांची पंधरा मिनिटं

ब्रह्मदेवाने सृष्टीचं काम हाती घेण्याआधी आमच्या थोरल्या साडूंचा सल्ला घेतला असता, तर ते काम ठरल्या दिवशी संपलं असतं आणि माणदेशाच्या वाट्याचं पाणी द्यायचं राहून गेलं नसतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात सांगलीला आणि कुपवाडच्या एका कारखान्यात नियोजन बघतात. कुठलं काम कधी सुरू करायचं, कधी संपवायचं, त्यावर कोणती माणसं आणि कोणतं मशीन लावायचं, हे ठरवायचं एक सॉफ्टवेअर काही वर्षांपूर्वी तिथे आलं. बाकीच्यांनी ते नाइलाजाने शिकून घेतलं. साडूंनी ते घरी आणलं. त्यात प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी असते, एक पट्टी संपली की तिच्या बाणाने दुसरी सुरू होते, आणि एखाद्यावर झेपेल त्याहून जास्त काम टाकलं की त्याचं नाव लाल होतं. माणसाला तिथे 'रिसोर्स' म्हणतात. साडूंच्या लेखी मीही एक रिसोर्स आहे, आणि फारसा भरवशाचा नाही.

हा माणूस बसलेला मी कधी पाहिला नाही. खुर्चीत असले तरी एक पाय हलत असतो, एक डोळा फोनवर असतो आणि चहा पिताना पुढच्या चहाचं काय ते ठरत असतं. एकदा ते आणि अक्का, म्हणजे माझी मेहुणी, दोन दिवसांसाठी साताऱ्याला आमच्याकडे येणार होते. येण्याच्या चार दिवस आधी माझ्या फोनवर त्या मुक्कामाचा आराखडा आला. त्यात 'कंदी पेढे आणणे' आणि 'अंघोळी' ही कामं एकाच वेळी चालणार होती, अजिंक्यताऱ्यावर जाऊन यायला दीड तास होता, आणि खाली 'गप्पा, पंचेचाळीस मिनिटं, रिसोर्स : तुम्ही' असं होतं. मी जन्माने आळशी आणि पेशाने मास्तर, त्यामुळे पंचेचाळीस मिनिटं बोलणं मला जड नाही. पण रंगात आलो असताना साडूंनी घड्याळाकडे पाहिलं आणि आपलं शंभर टक्के झालं असं सांगून ते उठले. मला राग आला होता. मग खिडकीतून पाहिलं तर हे गृहस्थ अंगणातल्या आमच्या गळक्या नळाला नवा वायसर बसवत होते. तेही आराखड्यात होतं, माझ्या नावावर. मी करणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी स्वतःचा अर्धा तास मोकळा ठेवला होता.

अक्काचं नाव त्या घरात कायम लाल असतं. गौरी-गणपतीत साडूंनी तिच्यावर एका सकाळी इतकी कामं टाकली की सॉफ्टवेअरने ती माणसाच्या ताकदीच्या अडीचपट आहेत असं दाखवलं. साडू घाबरून स्वयंपाकघरात गेले आणि तिला हे सांगितलं. अक्का पुरण वाटत होती. तिने मान वर न करता सांगितलं, की हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं, तुमच्या यंत्राला आज कळलं. त्या दिवसापासून घरातलं पुरण साडू वाटतात. कारखान्यात तर याहून गमती. एकदा शिकलगारचाचा नावाच्या क्रेनवाल्याला त्यांनी एकाच तासाला दोन शेडमध्ये लावलं. चाचा शांतपणे टेबलाशी येऊन म्हणाले, "साहेब, क्रेन एकच हाय, ते जाऊंद्या. पर दुसरा शिकलगार कुठनं आणू?" साडूंनी जागच्या जागी चूक कबूल केली आणि महिनाभर ती येईल-जाईल त्याला सांगितली. चूक लपवणं हेच त्यांना चुकीहून मोठं काम वाटतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

आमच्या सासऱ्यांची तासगावजवळ द्राक्षबाग आहे आणि घरासमोरच बेदाण्याची शेड. आम्ही जावई त्यांना मामा म्हणतो. बेदाणा वाळला की नाही हे ठरवायचा अधिकार त्या घरात त्यांचा एकट्याचा होता. मूठभर बेदाणा घ्यायचा, मूठ घट्ट आवळायची आणि उघडायची. दाणे सुटे झाले तर वाळला, एकमेकांना चिकटून राहिले तर थांबायचं. दोन वर्षांपूर्वी त्याच शेडच्या पायरीवर मामा घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. सांगलीत ऑपरेशन झालं, सळई बसली. डॉक्टरांनी घरी सोडताना आम्हा सगळ्यांना बाहेर बोलावून सांगितलं, की आता यांना उभं करा आणि चालवा. महिनाभर असेच पडून राहिले तर मग उठणं अवघड आहे.

साडूंनी गाडीत बसता बसता आराखडा केला. पहिल्या दिवशी उभं राहणे, दुसऱ्या दिवशी पाच पावलं, आठवड्याने उंबरा. सकाळी अक्का, दुपारी मेहुणा, म्हणजे मामांचा मुलगा, शनिवार-रविवार मी. कागदावर मामा पंधराव्या दिवशी अंगणात फिरत होते. प्रत्यक्षात ते कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. अक्काने गोडीने सांगितलं, मेहुण्याने रागावून सांगितलं, मी माझ्या पेशाला शोभेल असं लांबलचक सांगितलं. मामांनी एकदाच उत्तर दिलं. "आवं पावनं, च्या हातात मिळतोय, भांडं खाटंखाली हाय. चालून जायचं कुठं?" मी रिकामा कप उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

साडू रोज कारखान्यातून सुटले की स्कूटरवरून तासगाव गाठत. मामांच्या दाराशी उभे राहात, आत जात नसत, अंगणात येरझाऱ्या घालत आणि फोन काढून ती 'पाच पावलं'ची पट्टी एक दिवस पुढे ढकलत. ती ढकलली की तिच्या मागच्या सगळ्या पट्ट्या आपोआप सरकत. एका शनिवारी मी शेजारी उभा होतो. त्यांनी पट्टी ढकलली, परत मागे आणली, पुन्हा ढकलली. साडूंना वडील लहानपणीच गेले, मामांनीच त्यांना मुलासारखं वागवलं, हे मला माहीत होतं; पण त्या दिवशी मला ते दिसलं. मग ते म्हणाले, "माझं कायतरी चुकलंय. मामांच्या आराखड्यात सगळ्यांना काम हाय, मामांनाच न्हाई." आणि स्कूटर सुरू करून निघून गेले.

तोवर बेदाण्याचा हंगाम आलाच होता. द्राक्षं औषधात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरली होती आणि मेहुण्यावर घरचं, बागेचं, मामांचं सगळं एकदम आलं होतं. साडूंनी त्याला शेडचाही आराखडा करून दिला आणि घरातल्या सगळ्यांचे फोन त्या आराखड्याला जोडले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, माझी पाळी असताना मामांच्या उशाशी फोन वाजला. मामांचा चष्मा सापडेना, म्हणून त्यांनी मला वाचायला सांगितलं. मी वाचलं : "आजचे आपले काम : माल वाळला का पाहणे. वेळ : पंधरा मिनिटे. हे झाल्याशिवाय पुढची कामे सुरू होणार नाहीत."

मामांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग भिंतीकडचं तोंड वळवून त्यांनी विचारलं, मी गेलो नाही तर काय होईल. मी माझ्या फोनवर शेडचा आराखडा उघडला. झाडणीला, म्हणजे जाळ्यांवरचा बेदाणा झाडून काढायला, आठ बायका, देठं काढायचं मळणीचं यंत्र, ट्रॅक्टर, सगळ्या पट्ट्या मामांच्या त्या एवढ्याशा पट्टीला टांगलेल्या होत्या. मी म्हणालो, सगळं थांबेल. बायका खरोखरच फाटकाशी येऊन बसल्या होत्या, त्यांचा आवाज आत येत होता. मामांनी अंगावरची चादर बाजूला सारली. मग म्हणाले, "ते चार पायाचं आणा हिकडं."

वॉकर कोपऱ्यात पडून धूळ खात होता. मी तो पुसला. कॉटपासून शेडपर्यंत साठेक पावलं असतील. मामा घामाने भिजले, दोनदा थांबले, एकदा मला शिवी दिली, कारण मी दंड धरला होता. पंधरा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला आणि फाटकाजवळच्या बायका वाट सोडून बाजूला सरकल्या. जाळीपाशी पोचल्यावर मामांनी मूठ भरली, आवळली, उघडली. तळहाताकडे बघितलं आणि मेहुण्याला म्हणाले, "आजून दोन दिस. परवा येतो बघाया." बायका उठून घरी गेल्या. मेहुणा माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, की माल कालच वाळलाय, सगळे दाणे सुटे होते. मीही बघितले होते. मेहुण्याने फोन काढला आणि झाडणीची पट्टी दोन दिवस पुढे सरकवली.

मी साडूंना फोन लावला. पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला. मग ते घाईघाईने म्हणाले, चूक झाली बघा, गेल्या वर्षीची फाईल उचलली, त्यात मामांचं नाव काढायचं राहून गेलं. हे मी मेहुण्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "कुठली फाईल, दाजी? गेल्या साली तात्यांनी भिंतीवर कोळशानं लिवलं हुतं सगळं." मेहुणा मामांना, म्हणजे आपल्या वडिलांना, तात्या म्हणतो; त्यांच्या कोळशाच्या रेघा शेडच्या भिंतीवर अजून होत्याच. चूक लपवायला न जमणाऱ्या माणसाने आयुष्यात एक खोटी चूक सांगितली होती, आणि तीही त्याला नीट जमली नव्हती.

त्याला दोन वर्षं झाली. मामा चालतात, पण यंदा पावलं फार बारीक पडताहेत आणि साठ पावलांची दीडशे झाली आहेत. परवा मेहुण्याने यंदाचा आराखडा मला पाठवला. एरवी मिनिटामिनिटासाठी भांडणाऱ्या साडूंनी 'माल वाळला का पाहणे' या कामाला दोन तास दिलेत. त्याच्या खाली तेवढ्याच लांबीची दुसरी पट्टी आहे, त्यांच्या स्वतःच्या नावाची. 'मामांच्या मागून चालणे. हात लावायचा नाही.' त्या दोन तासांत साडूंनी स्वतःला दुसरं एकही काम घेतलेलं नाही. खाली पुढच्या वर्षीच्या हंगामाची पट्टी होती, मामांच्या नावाची, अडीच तासांची. तिच्या खाली त्याच्या पुढच्या वर्षीची, तीन तासांची. किती वर्षं घालून ठेवलीत, ते मी शेवटपर्यंत सरकवून पाहिलं नाही.